काळ्या तिखटातला धूर

बीड जिल्ह्यात मिरची धुरावर वाळवत नाहीत. तशी गरजच कधी पडली नाही. होळी झाली की बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा-धारूरकडे आणि खाली गोदाकाठच्या गेवराई-माजलगावच्या सपाटीवर ऊन सारखंच तापू लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवेत ओल नावाला नसते. बाजारातून आणलेली मिरची गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरली की दोन-चार उन्हांत खुळखुळ वाजते, देठ नखाने तुटतात. मग धुराचा खटाटोप कशाला?

आणि तरी बीडकडच्या काळ्या तिखटाच्या रश्श्यात धूर लागतो. अगदी स्पष्ट लागतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला पहिल्या घासालाच तो कळतो आणि तो विचारतो, ‘चुलीवर केलंय का?’ केलेलं असतं गॅसवर. हा धूर येतो कुठून, हे या प्रकरणात पाहायचं आहे. त्यासाठी आधी जे लोक मिरचीला खरोखरच धूर देतात त्यांच्याकडे जाऊन यावं लागेल.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत ती हजारो वर्षं पिकते आहे. तिथली हालापेन्यो नावाची जात जाड सालीची आणि गरदार. हिरवी असताना ती ताजी खातात, पण वेलीवरच्या काकडीसारखी तिच्यात इतकं पाणी की पिकून लाल झाल्यावर उन्हात टाकली तर वाळण्याआधी सडते. म्हणून स्पॅनिश लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथली माणसं पिकलेली हालापेन्यो जाळीवर पसरून खालून लाकडाचा मंद धूर देत आली. दिवसचे दिवस धूर खाऊन ती आक्रसते, तपकिरी होते. साधारण दहा किलो मिरचीची एक किलो उरते. हीच चिपोत्ले.

स्पेनमध्ये पश्चिमेला ला वेरा नावाचं खोरं आहे. तिथे मिरची तोडणीला येते नेमकी शरदात, आणि शरदात तिथे पाऊस. ऊन मिळत नाही. म्हणून शेतकऱ्यांनी दुमजली धुरघरं बांधली: खाली ओकच्या लाकडांचा विस्तव, वर फळ्यांच्या तळावर मिरची. दहा ते पंधरा दिवस हे चालतं, आणि रोज हाताने मिरची खालवर करावी लागते. त्या मिरचीची पूड म्हणजे पिमेंतोन. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात मापुचे लोक अशीच धुरवलेली मिरची भाजलेल्या धन्यांबरोबर कुटतात. तिला मेर्केन म्हणतात. मिरची आणि धने ही जोडी वाचून मराठी माणसाला आपलं वाटेल, आणि तसं वाटण्यात काही चूक नाही. आपल्या देशातही नागालँड-मणिपूरकडे, जिथे पाऊस हटत नाही, तिथे चुलीवरच्या माचणावर मिरची वाळत घालतात.

सगळीकडे कारण एकच: ऊन कमी, ओल जास्त. ओलसर राहिलेल्या मिरचीला बुरशी लागते, आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, जे शिजवूनही जात नाही. धूर हा तिथे आधी उपाय होता. चव नंतर जिभेला लागली.

बीडला तो उपाय लागला नाही. मिरची आपल्याकडे आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर, गोव्याच्या बाजूने. तोवर तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, सुंठ होती. मिरी घाटाखालून विकत यायची आणि महाग पडायची. मिरची मात्र कोरड्या रानात, विहिरीच्या चार मोटा पाण्यावर परसातही येते. मराठवाड्यातल्या गरिबाने ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली नाही. इथे रुजलेल्या मिरच्या पातळ सालीच्या, लांबट: लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी. यांतली कुठलीही उन्हात मुकाट्याने वाळते.

म्हणजे वाळवण्यात धूर नाही. तो येतो त्यानंतर, भाजण्यात.

काळं तिखट करण्याचा दिवस मार्च ते मे या काळातला, पाऊस पडायच्या आत कांडप व्हायला हवं हे गणित. घराघरांचं माप वेगळं, आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. एक किलो मिरचीला अर्धा किलो धने, पाव किलो सुकं खोबरं, शंभर-सव्वाशे ग्रॅम तीळ, आणि जिरे, शहाजिरे, खसखस, दालचिनी, लवंग, मिरे, तमालपत्र, बाद्यान, नाकेशर, जायपत्री, मसाला वेलची, दगडफूल, हळकुंड, हिंगाचा खडा हे तोळ्या-दोन तोळ्यांनी, असा अंदाज धरला तर कुठल्याही सासूबाई फार रागावणार नाहीत. मिरची निम्मी ब्याडगी, निम्मी तिखट. ब्याडगी रंगाला, दुसरी जिभेला.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. हे कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही, कारण तीळ ज्या आचेवर तडतडून संपतात त्या आचेला हळकुंड अजून थंडच असतं. सगळं एकत्र कढईत लोटणाऱ्यांचा मसाला अर्धा कच्चा आणि अर्धा जळका होतो. बाजारातल्या बऱ्याच पुड्यांत नेमकं हेच असतं, असं माझं मत आहे.

खोबऱ्याकडे नीट बघा. कोकणी किंवा पुणेरी स्वयंपाकात खोबरं किसून बदामी रंगावर भाजतात. बीड-धाराशिवकडे अनेक घरी खोबऱ्याची अख्खी वाटी चिमट्यात धरून सरळ जाळावर धरतात. तिच्यातलं तेल पेट घेतं, कडांवर निळी-पिवळी ज्योत धावते, बाहेरून वाटी काळीठिक्कर पडते. मग फुंकून विझवायची. विझताना तिच्यातून जो धूर निघतो तो तिच्यातच थोडा मुरतो. रश्श्याच्या वाटणासाठी कांदाही असाच: सालासकट निखाऱ्यात पुरायचा, वरचा पापुद्रा जळून कोळसा झाला की आतला कांदा शिजून गोड झालेला असतो. जळकं साल काढतात, पण सगळं काढत नाहीत.

मिरचीची पाळी शेवटी. लोखंडी कढईत जरा तेल, मंद आच, आणि मिरची सतत हलती. ती आधी फुगते, मग चकाकते, मग लालाची तपकिरी व्हायला लागते. इथेच सगळं कसब आहे. तपकिरीच्या पुढे काळपट चॉकलेटी रंगाला ती आली की उतरवायची. आणखी थोडा वेळ गेला तर ती करपते, आणि करपलेली मिरची कडू होते. त्या कडवटपणावर पुढे गूळ, कोकम, काहीही चालत नाही. काळं तिखट काळं असतं, जळकं नसतं. हा फरक डोळ्यापेक्षा नाकाला आधी कळतो.

आता या भाजण्यात रसायनशास्त्राच्या अंगाने काय होतं ते पाहू. लाकडाच्या धुराला जो वास असतो त्याचं मुख्य कारण लाकडातलं लिग्निन. ते तापून तुटलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं बनतात, आणि आपलं नाक यांनाच ‘धूर’ म्हणून ओळखतं. वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींतही याच जातीची द्रव्यं कमी-अधिक असतात. म्हणून धने, कांद्याचं साल, मिरची जोरात भाजली की बाहेरचं लाकूड नसतानाही धुराच्या कुळातले वास तयार होतात. त्याच वेळी साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी भिडून खरपूस वास देतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये ही क्रिया मांडली, आणि भाकरीच्या पापुद्र्यापासून भाजलेल्या शेंगदाण्यापर्यंत सगळा खमंगपणा तिचाच. चिपोत्लेत धूर बाहेरून येऊन मिरचीवर बसतो. काळ्या तिखटात तो बऱ्याच अंशी जिन्नसांच्या पोटातून निघतो.

पण सगळाच नाही. मसाल्याच्या यादीत मसाला वेलची होती. ही मोठी, सुरकुतलेली, काळपट वेलची सिक्कीम, दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळच्या डोंगरांत पिकते. तिथे तोडणीच्या वेळी हवा दमट असते, म्हणून तिची बोंडं भट्टीवर पसरून खालून लाकडांचा जाळ घालतात. ती वाळते ती धुरातच. मोंढ्यातल्या मसाल्याच्या दुकानातून आणलेली एक मसाला वेलची फोडून हुंगून बघा, आधी धूर येतो आणि मग कापूर. ला वेराच्या धुरघरात जे मिरचीचं होतं ते सिक्कीमच्या भट्टीत वेलचीचं होतं, आणि ती वेलची बीडच्या डब्यात येऊन पडते. खरा लाकडी धूर आपल्या तिखटात असा हिमालयातून येतो.

तिच्या जोडीला दगडफूल. ते फूल नाही. दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारी बुरशी आणि शेवाळ यांची ती भागीदारी आहे. नुसतं चघळलं तर कागदाइतकीही चव नाही. गरम तेलात पडलं की मात्र माती, ओलं लाकूड आणि धूर यांच्या मधला एक वास सोडतं. काळ्या मसाल्यात दगडफूल विसरलं तर तिखट चांगलं होईल, काळं होणार नाही.

भाजणं चालू असताना घरात ठसका उठतो, तो आळीभर जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि सहजी उडून जाणाऱ्यांतलंही नाही, पण गरम कढईतून तेलाच्या आणि वाफेच्या सूक्ष्म कणांवर बसून ते हवेत येतं. आपल्या नाका-घशातल्या मज्जातंतूंवर एक दार असतं, जे एरवी साधारण 43 अंशांच्या वर तापलं की उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवतं. कॅप्सेसिन ते दार नुसत्या स्पर्शाने उघडतं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये मिरचीच्याच मदतीने हे दार शोधलं, आणि 2021 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्देम पाटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. मिरची आणि ऊब दोन्ही एकाच दारावर धडका देतात, म्हणून आधणाची आमटी जास्त तिखट लागते आणि तीच सकाळी गार खाल्ली तर निम्म्यावर येते. ठसका कमी करायला मिरची भाजताना चिमूटभर मीठ टाकतात. ते मीठ नेमकं काय करतं कुणास ठाऊक. दार-खिडक्या उघडणं जास्त उपयोगी.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो. बी झटकून मिरची सौम्य झाली असं वाटतं, कारण झटकताना शीरही तुटून जाते.

तिखट झालं, डंकावर कांडून आलं, चाळून बरणीत भरलं, वर हिंगाचे खडे ठेवले. ते वर्षभर टिकतं त्याची कारणं साधी आहेत. भाजण्याने ओल गेलेली असते. तिळाच्या तेलात खवटपणा रोखणारी द्रव्यं नैसर्गिकच असतात, आणि खोबरेल तेल इतर तेलांच्या मानाने उशिरा खवटतं. शेंगदाणा मात्र लवकर खवट होतो. म्हणून कूट तिखटात घालत नाहीत, भाजी करताना घालतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण खवट मसाला फेकून द्यायचं दुःख माहीत होतं.

या तिखटाचा धाकटा भाऊ म्हणजे येसर. कुणी येसूर म्हणतं. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्यं खरपूस भाजून मसाल्याबरोबर दळायची. उकळत्या पाण्यात हे पीठ कालवून सोडलं की आमटी दाटही होते आणि तिला मसालाही लागतो. लग्नघरात पाच-पन्नास माणसं अचानक वाढली तरी येसरच्या आमटीला पाणी वाढवता येतं आणि तिचा मान जात नाही. पुरणाच्या दिवशी कटात काळं तिखट पडून येळवणी होते, हुलग्याच्या शेंगोळ्यांना तेच, पिराच्या कंदुरीतल्या मटणालाही तेच. कंदुरीला हिंदू-मुसलमान एका पंगतीला बसतात आणि रश्श्यात कुणाच्या घरचा मसाला आहे ते चवीवरून ओळखतात.

बीडबद्दल लिहायचं आणि ऊसतोडीबद्दल नाही, असं होत नाही. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं जोडीने कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. गाडीत भांड्यांबरोबर धान्य असतं आणि तिखटाचा डबा असतो. कोपीसमोर तीन दगडांची चूल, पहाटे उठून थापलेल्या भाकरी, आणि कालवण म्हणून जे काही: पातळ बेसन, डाळ, नुसता लसूण-तिखटाचा गोळा. फोडणीला कांदा नसला, खोबरं नसलं तरी चालतं, कारण भाजलेलं सगळं डब्यात आधीच कुटून भरलेलं आहे. ज्याला स्वयंपाकाला वेळ मिळत नाही अशा माणसाचा सगळा वेळ उन्हाळ्यातच त्या डब्यात घालून ठेवलेला असतो. काळ्या तिखटाचं खरं काम हे आहे. हॉटेलातला काळा रस्सा त्यानंतरचा.

सोलापूर-धुळे महामार्गावर, चौसाळ्यापासून गेवराईपर्यंत, ‘चुलीवरचं मटण’ अशा पाट्या दिसतात. चुलीची चव खरीच वेगळी असते, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. झाकण ठेवलेल्या भगुल्यातल्या रश्श्यात चुलीचा धूर फारसा शिरत नाही. चुलीवर भाजलेल्या गोष्टींत शिरतो: भाकरी, वांगं, कांदा, खोबरं. उरलेलं श्रेय मंद, लांबत जाणाऱ्या आचेचं. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकन पेटतात आणि लगेच निखाऱ्यावर येतात, भाजायला उत्तम. रस्सा शिजायला बाभळीचं लाकूड हवं. आणि चुलीचं कौतुक करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तो धूर आधी बाईच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातो, मग भाकरीत. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर पोचला. तो परवडेनासा झाला की चूल पुन्हा पेटते, हेही खरं. चवीसाठी महिन्यातून एकदा अंगणात चूल मांडणं वेगळं, रोज बंद खोलीत धूर गिळणं वेगळं.

गॅसवर धूर हवा असेल तर धुंगार आहे. बीड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं, आणि हैदराबादी स्वयंपाकात धुंगाराचं मोठं प्रस्थ. भाजी तयार झाली की मधोमध एक वाटी ठेवायची, तिच्यात रसरशीत निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि लगेच घट्ट झाकण. पाच मिनिटं पुरतात. दहा मिनिटं ठेवलं तर भाजीला राखेचा वास येतो. भरताला, डाळीला, ताकाला हे छान जमतं. काळ्या तिखटाच्या मटणाला धुंगार देऊ नये, तिथे धूर आधीच पुरेसा असतो.

आता कुणाला बीडच्या उन्हाच्या राज्यात मुद्दाम धुराची मिरची करायची असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कडक वाळलेल्या मिरचीवर धूर नीट बसत नाही. धुरातली द्रव्यं ओलसर पृष्ठभागावर विरघळून चिकटतात. म्हणून पिकलेली लाल, ताजी मिरची घ्या. ती एक-दोन दिवस उन्हात सुकवून चिंबट होऊ द्या. मग एका जुन्या पत्र्याच्या डब्यात खाली निखारे, त्यावर बाभळीच्या किंवा आंब्याच्या ओलसर ढलप्या, वर हातभर अंतरावर जाळी आणि जाळीवर मिरची. जाळ उठता कामा नये. जाळीजवळ हात धरवेल एवढीच ऊब हवी. कडुलिंबाचं लाकूड घेऊ नका, धूर कडू होतो. रंग दिलेल्या फर्निचरचे तुकडे तर चुकूनही नको. दिवसभर धूर द्या आणि उरलेलं वाळवणं उन्हाकडे सोपवा, ते काम त्याला जास्त चांगलं जमतं. हवाबंद बरणीत अंधारात ठेवा, उजेडाने लाल रंग फिका पडतो.

ती वापरताना दोन नियम. पहिला, धुरवलेल्या मिरचीची पूड कडकडीत तेलात टाकू नये, क्षणात कडू होते. आच बंद करून तेल जरा निवलं की घालावी, म्हणजे रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात. दोन्ही तेलातच विरघळणारे आहेत. दुसरा, जिथे मसाला कमी तिथेच ती वापरावी: ज्वारीच्या कण्या, साधं पिठलं, उकडलेला बटाटा, शेंगदाण्याचं झिरकं, दही-कांदा. धपाट्याच्या पिठात अर्धा चमचा घातली तर चुलीवरचं धपाटं खाल्ल्यासारखं वाटतं. शेंगोळ्यांत, येळवणीत, मटणात मात्र तिला जागा नाही. तिथे काळं तिखटच घाला.